पेटीवरचं गाव

एकतीस वर्षं मी ते नाव ब्रशनं उमटवलं,
अक्कलकोट रोडच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात,
पत्र्याच्या साच्यावर काळा रंग थापून:
वर सोलापूर, मध्ये बाण, खाली वालपराइसो.
सोलापूरचं शेवटचं अक्षर, इंग्रजी आर, लंगडं.
राजेशम बिटलानं साचा कापला तेव्हा अंगात ताप होता त्याच्या.
नवा साचा कुणी केला नाही.
टॉवेल जायचे. आम्ही राहायचो.

मग एका वर्षी पेट्या भिजल्या,
टॉवेलांवर खाऱ्या पाण्याचे पिवळे नकाशे.
तिकडून दावा आला. चिलवेरी शेठ म्हणाले,
"नरसय्या, खुणा तुलाच ठाऊक. तूच जा."

अंबूनं चाळीस कडक भाकऱ्या बांधल्या आणि शेंगाचटणी.
तिथल्या कस्टमवाल्यानं भाकऱ्या सोडल्या,
चटणी ठेवून घेतली.

वालपराइसो म्हणजे म्हणे स्वर्गाची दरी.
दरी कसली, नुसता चढ.
"बेचाळीस टेकड्या," ड्रायव्हर ओस्वाल्दो म्हणाला.
मी म्हटलं, आमची सोळा गावं होती म्हणून सोलापूर,
असं सांगतात बघा, खरंखोटं सिद्धेश्वराला ठाऊक.
तो हसला. टेकड्यांचंही तसंच असावं.

उतारावर रुळ, रुळांवर लाकडी खोल्या,
मागाच्या पावड्यांसारख्या:
एक खाली गेली की दुसरी उठते.
पाच माणसं, एक कुत्रं, आणि मी, डोळे मिटून.
वर घरं पत्र्याची, बोटींना लावून उरलेल्या रंगाची,
एक निळं, त्याला खेटून हळदी, पुढं डाळिंबी.
रंगखात्यात लडी वाळत घातल्यागत.

दक्षिणेचं टोक वळसून येणारी बोट
पूर्वी इथं टेकल्याशिवाय पुढं जायची नाही.
मग भूकंपानं गाव पाडलं.
उभं राहतंय तोवर लांब उत्तरेला पनामाचा कालवा झाला,
आणि बोटींना हा रस्ताच नको झाला.
हे सांगताना ओस्वाल्दो गाडीची काच पुसत होता.
मी म्हटलं, आमच्या मिलचा भोंगा बंद झाला
तरी माझा बाप वर्षभर पहाटे चारला उठून बसायचा.
दुभाषी पोरीनं त्याचं काय केलं कोण जाणे,
ओस्वाल्दोनं टोपी काढली.

शेजारचं गाव विन्या देल मार,
म्हणजे समुद्राची द्राक्षबाग. (मला नान्नज आठवलं.)
सपाट, नीटस, ताडांच्या रांगा,
उतरणीवर फुलांचं घड्याळ, काटे मात्र लोखंडी,
आणि खडकावर कुणा व्यापाऱ्यानं हौसेनं बांधलेला किल्ला.
भिंतीला लाटा धडकतात, शत्रू एकही आला नाही.
आमच्या भुईकोटानं हे ऐकलं तर काय म्हणेल?
दोन गावांमध्ये पाण्याकाठचा एकच रस्ता,
जेवण होईस्तोवर पार होणारा.
एक भाऊ हमाली करतो, एक हवा खातो,
अन् दोघंही एकमेकांना नावं ठेवतात.

दाव्याचं म्हणाल, तर निम्मं त्यांनी सोडलं, निम्मं शेठनी.

शेवटच्या दिवशी एकटाच टेकडी चढलो.
एका वळणावर कोंबड्यांचं खुराडं,
त्याला ठोकलेली फळी, उलटी,
आणि फळीवर माझं सोलापूर
डोक्यावर उभं.
मी उकिडवा बसलो, मान वाकडी करून वाचलं.
म्हातारी बाहेर आली, एल्विरा की अशी काहीतरी,
तिला वाटलं याला अंडी हवीत.
मी फळीकडं बोट केलं, मग छातीकडं.
तिनं दोन अंडी हातावर ठेवली. पैसे घेतले नाहीत.

आता संध्याकाळी कंबर तलावाच्या कट्ट्यावर
लोक विचारतात, काय पाहिलंस तिकडं?
मी घड्याळ सांगतो, किल्ला सांगतो, समुद्र सांगतो.
खुराड्याचं फक्त राजेशमला सांगितलं.
तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला.
मग म्हणाला, "आर वाकडाच होता ना?"
"होता."